राबाचा कोळसा

सदऱ्यावर काळं पडलं होतं. आता सदऱ्यावर काळं पडणं म्हणजे काही जगबुडी नव्हे, पण माझ्याकडे बरे म्हणावेत असे सदरे दोनच, आणि हा मी स्वतः नीळ घालून, पिळून, झटकून पालघरच्या खोलीमागच्या तारेवर वाळत घातलेला. चौसष्ट सालचा एप्रिल, रविवारची सकाळ. बोटानं पुसायला गेलो तर डाग आणखी लांबला. पानाचा जळका तुकडा होता तो, शिरांसकट. चिमटीत धरला तर त्याचं पीठ झालं. घरमालकीण रंभाबाई विहिरीपाशी भांडी घासत होत्या. मी चिडूनच विचारलं, "कोण जाळतंय हो एवढं? कुणाचं घर पेटलंय की काय?" त्या हसल्या. "अवो खंडेराव, रानात राब भाजतात. तुमच्याकडं नाय भाजत? पावसाआधी फांद्या, शेण, पाला रचायचा नि पेटवायचा. मंग त्या भाजलेल्या जागेत भाताचं बी टाकायचं, रोपं करायला. दरसाल तीच जागा. माती बघाल तर नुसता कोळसाच कोळसा." बरं म्हणून मी सदरा पुन्हा बादलीत बुडवला, साबण लावला, दोनदा चोळला, आणि मग माझे हात पाण्यातच राहिले. "कोळसा," असं मी मोठ्यानं म्हणालो. रंभाबाईंनी मान वर केली. "काय म्हणालात?" "काही नाही," म्हटलं.

मी मोजणीदार. जमिनी मोजायच्या, नकाशाशी ताडायच्या आणि कोपऱ्याकोपऱ्यावर हद्दीचे दगड रोवायचे, हा माझा बावीस वर्षांचा धंदा. दगड रोवणं लोकांना सोपं वाटतं. खड्डा खणा, धोंडा उभा करा, माती लोटा, झालं. तसं नसतं, बाबांनो. दगड हलतो. नांगर लागून हलतो, गुरं अंग घासून हलवतात, आणि शेजारी तर हलवतोच हलवतो. म्हणून दगडाखाली, दोन हात खोल, ओंजळभर कोळसा पुरायचा. कोळसा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, चोरून न्यावा असं त्यात काही नाही. दगड गेला तरी कोळसा जागेवर राहतो. पन्नास वर्षांनी कुणी खणलं की काळं दिसतं आणि कोपरा सापडतो. नकाशाचा कागद आखडतो, मोजणीची साखळी ताणते, माणसं तर खोटं बोलायलाच जन्माला आलेली; जमिनीखालचा कोळसा तेवढा खरं सांगतो, असं मी नव्याने लागलेल्या लोकांना ऐटीत सांगायचो. आणि हे सगळं मी शिकलो कुठं, तर आमच्या साताऱ्याकडच्या कोरड्या मुलखात. तिथं बाजरीसाठी कोण राब भाजतो? इकडे ठाणे जिल्ह्यात बदली होऊन मला आठ महिने झाले होते. पावसाळा सरता सरता आलो, हिवाळाभर मोजण्या केल्या. भाजणी मी पाहिलीच नव्हती.

जानेवारीत बोईसरच्या पूर्वेला खडकपाड्यावर झिपरूची जमीन मोजली होती. झिपरू वारली जमातीचा, कूळकायद्यात दोन एकर त्याच्या नावावर झालेली, बापजाद्यांत पहिल्यांदाच. शेजारी पालघरजवळच्या माहीमचे बागाईतदार भगवंत राऊत यांचं गवताचं कुरण. चारांपैकी तीन कोपऱ्यांचे जुने दगड सापडले, चौथा गायब. नकाशाप्रमाणे साखळी टाकली तर चौथा कोपरा कुरणाच्या अंगाला पार ऐनाच्या झाडाच्या खोडापाशी जात होता. पण त्याच रेषेवर, बावीस फूट अलीकडे, जमिनीला थोडा उंचवटा दिसला आणि माझ्या मनानं घेतलं की दगड इथंच असणार. सुकाला, माझ्या साखळीवाल्याला, म्हटलं खण. दोन हात खाली काळं लागलं. मला काय आनंद झाला म्हणता! मी खड्ड्याच्या काठावर बसून मोठ्यानं हसलो. नकाशा खोटा, कोळसा खरा. "रोव दगड," म्हटलं. दुपारचा एक वाजून गेला होता, भूक लागली होती, तेही खरं. तेवढ्यात झिपरूची म्हातारी आई, भागी, पुढे आली. खड्ड्यात वाकून बघितलं, मूठभर माती उचलली आणि मला म्हणाली, "अरे, तू—" मला एकेरीत बोललेलं खपत नाही. वारल्यांकडे म्हातारी माणसं सगळ्यांनाच तू म्हणतात हे तेव्हा मला कुठं ठाऊक! "सरकारी कामात मधे बोलायचं नाही," मी ओरडलो. "झिपरू, म्हातारीला बाजूला घे." ती बाजूला झाली. मूठ उघडून तिनं माती परत खड्ड्यात सोडली. मग झिपरूनं पंचनाम्यावर अंगठा दिला, राऊतांनी सही केली आणि आम्ही जेवायला गेलो.

आता बादलीतला सदरा तसाच टाकून मी खोलीत येऊन बसलो आणि स्वतःशी भांडायला लागलो. राबाची जमीन नांगरतात, म्हणजे कोळसा वीतभर खोल जाईल, फार तर दीड वीत. मला लागला तो दोन हात खाली. मग तो राबाचा कसा असेल? नाहीच. हे पटलं तशी मी चहा केला, निम्मा प्यालो. पण पुरलेला कोळसा ओंजळभर असतो, एका जागी असतो. राबाचा असेल तर सगळीकडे असणार. मी हातभर डावीकडे खणलं असतं, हातभर उजवीकडे खणलं असतं, तर तिथल्या तिथे निकाल लागला असता. खणलं का? नाही. कोळसा सापडला आणि मी खणायचा थांबलो. एवढंच घडलं होतं. चहा गार झाला. खानावळीत गेलो तर रविवारचं गोड होतं, शेजारच्या पाटावर तारापूरच्या सरकारी कामावरचे दोघे घाटावरचे फोरमन मोठमोठ्यानं गप्पा मारत होते, त्यातल्या एकानं विचारलं, "काय रावसाहेब, आज गप गप?" मी म्हटलं, "दात दुखतोय." दात वगैरे काही दुखत नव्हता. पण मी एक कोपरा चुकवलाय, हे वाक्य कुणासमोर कसं बोलायचं? माझी बायको नर्मदा असती तर तिच्यासमोर बोललो असतो. ती ताट वाढता वाढता म्हणाली असती, मग जा की, बघून या. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ काही नव्हतं, आणि त्या सहा वर्षांत मला जा की बघून या असं म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. मी आमटीभात कालवून तसाच ठेवला आणि उठलो.

त्या आठवड्यात मला झोप अशी लागलीच नाही, आणि खरं सांगायचं तर झिपरूपेक्षा आनंदाच जास्त आठवत होता. आनंदा माझा धाकटा भाऊ. दादा, म्हणजे आमचे वडील, गेले त्या वर्षी आम्ही वाटण्या केल्या. बाहेरचा मोजणीदार कशाला, घरात आहे की, असं आनंदाच म्हणाला. मी साखळी टाकली. मधल्या बांधाचा जुना दगड कधीच उखडलेला. मी खणलं, कोळसा लागला, आणि त्या हिशेबानं विहिरीकडचा चार गुंठ्यांचा पट्टा माझ्याकडे आला. आनंदा खड्ड्याशी उकिडवा बसला होता. "दादू, अजून थोडं बाजूला खणून बघू या का?" असं तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात. मी म्हटलं, "कशाला? भावाचा भरवसा नाही होय तुझा?" तो उठला, धोतर झटकलं, म्हणाला, "तसं नव्हं." त्यानंतर तो माझ्याशी भांडला नाही, कोर्टात गेला नाही. नुसता बोलायचा थांबला. नर्मदा गेली तेव्हा आला, खांदा दिला, न बोलता परत गेला. मी आठ वर्षं मनाची समजूत घालत आलो होतो, की बाबा रे, खरं मोजलं म्हणून भाऊ गेला, जाऊ दे, मोजणं तर खरं होतं ना. त्याच्या जोरावर मी एकट्याचं जेवलो, एकट्याचा सण केला. आणि आता या पालघरच्या खाटेवर पडून मला आठवलं की आजोबांचं गुऱ्हाळ त्याच बांधाला होतं. वीस वर्षं तिथं गुळाची काहील चढत होती. चुलाण्याची राख, कोळसा कुठं टाकत असतील? मी खाटेवर उठून बसलो. गुऱ्हाळ बांधाच्या या अंगाला होतं की त्या अंगाला, तेही नीट आठवेना, आणि ते सांगू शकेल असा एकच माणूस होता.

पुढच्या रविवारी मी सकाळच्या गाडीनं बोईसरला उतरलो आणि खडकपाड्यापर्यंत चालत गेलो. साखळी नाही, सुका नाही, नुसती एक कुदळ, तीही रंभाबाईंच्या अंगणातली. वाटेत दुतर्फा राबाचे काळे चौकोन दिसत होते, काही अजून धुमसत होते. झिपरूच्या शेतात आलो आणि लांबूनच दिसलं. माझा दगड उभा होता, ताठ, चुन्याचा पांढरा हात दिलेला. त्याच्या अलीकडे काळी भाजलेली जमीन. पलीकडे राऊतांचं काटेरी कुंपण आणि कुंपणात न भाजलेली, गवत माजलेली माती. रेघ मारल्यागत अर्धं अर्धं. मी खाली बसलो, कुंपणातून हात घातला आणि पलीकडची माती उकरली. कोळसा. हातभर बाजूला उकरली. कोळसा. आणखी हातभर. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

झिपरू आला. तिशीतला, सडसडीत माणूस, हातात कोयता. "बसा साहेब. पानी आनतो," असं म्हणाला, जसा काही मी रोजच येत होतो. मी विचारलं, "यंदा राब अर्ध्यातच भाजलास?" "अर्ध्यातच. अर्धा तं तुमचे दगडापल्याड गेला. अर्धा राब, अर्धी रोपा, अर्धाच भात." "मग त्या दिवशी बोलला का नाहीस? हा कोळसा राबाचा आहे म्हणून?" तो जरा विचारात पडला. "तुमाला कोलसा सापडला न तुमी हसलात. सरकारी मानूस हसताना आमी कदी बघला नाय. वाटला, कायतरी कायदा असंल." मागून भागी आली होती, पाठीवर फांद्यांचा भारा. तिनं भारा टाकला आणि सरळ माझ्या तोंडावर म्हणाली, "मी बोलत व्हती. तूच गप केलास." मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार? "पण दोन हात खोल कोळसा कसा गेला, आजी?" "तिथं पैले घळ व्हती. माजे दादल्यानं राबाचीच माती लोटली न भरली. दोन पावसाले लोटत व्हता." म्हणजे मला दिसलेला उंचवटा तिच्या नवऱ्यानं केलेला होता. पाच मिनिटांत सांगून झालं तिचं. एवढंच ऐकायला मला त्या दिवशी पाच मिनिटं नव्हती.

लाज वाटली की माणूस घाई करतो. मी कुदळ उचलली आणि म्हटलं, "चल, आत्ताच दगड काढू. कोपरा कुठं आहे ते मला ठाऊक आहे, ऐनापाशी. तास-दीड तासाचं काम." मला वाटलं झिपरू खूश होईल. तो दगडाच्या आणि माझ्या मधे येऊन उभा राहिला. "नाय साहेब." "अरे, तुझीच जमीन तुला देतोय!" "देतास ती खरी. पन आज तुमी असाच हलवला, तं उद्या राऊतशेटबी हलवंल. परवा आनखी कोन. मी अंगठा दिलाय त्या कागदावर. पैले तो कागद फिरवा, मंग दगड फिरवा." मी बावीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस, आणि मला कायदा शिकवत होता तो. राग आला, आणि राग यायचं काहीच कारण नव्हतं म्हणून तो जास्तच आला. "मग राब? पाऊस महिन्यावर आलाय." "म्हनून तं म्हनतो, बिगी करा," झिपरू म्हणाला.

भागीनं मला ऐनाच्या खोडापाशी नेलं. कुंपणाला एक फट होती, तिथून आम्ही तिघं आत गेलो. मी हळूहळू खणलं, हातानं माती काढली. दोन हातांवर एका फुटक्या मडक्याचं बूड लागलं, पालथं घातलेलं; ते उचललं तर खाली ओंजळभर कोळसा, वर चुन्याची कणी. कुणीतरी साठ-सत्तर वर्षांपूर्वी इथं बसून हे रचलं होतं, खड्डा चौकोनी केला होता, मडकं शोधून आणलं होतं. नाव-गाव कोण जाणे. मी मग बाजूला खणलं. डावीकडे, उजवीकडे, मागे, पुढे, चारी अंगांना. तांबडी माती, कोळशाचा कणही नाही. झिपरू म्हणाला, "सापडला की साहेब, आजून कित्ती खनता?" मला थांबवेना. हातांना फोड आले तेव्हा थांबलो. मग मडक्याचं बूड होतं तसं पालथं घातलं, माती लोटली, आणि तिथंच बसून राहिलो. भागीनं तांब्याभर पाणी पुढं केलं. "पी," म्हणाली. मी प्यालो.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून अर्धी रजा टाकून माहीमला भगवंत राऊतांकडे गेलो. वाडीत केळींना पाणी सोडणं चालू होतं. राऊत पन्नाशीचे, पंचा नेसलेले, हातात फावडं. सगळं ऐकून घेतलं. "मोजनी तुमची, दगड तुमचा," ते म्हणाले. "आमी काय बावीस फूट मागितलं व्हतं?" "नाही." "मंग आता सोडायचं ते आमी. लोक काय बोलतील? भगवंतानं वारल्याची जमीन दाबली व्हती, पकडला गेला म्हनून सोडली. आमच्या नावाला बट्टा. तुमी कागदावर लिवून द्या चूक कोनाची ती. लगेच कुंपन काढतो." मी खिशातून पेन काढलं, केळीच्या बुंध्याशी ओट्यावर बसलो आणि लिहिलं, की सदर कोपऱ्याचा दगड माझ्या नजरचुकीने अन्य जागी रोवला आहे. राऊतांनी चष्मा लावून वाचलं. "नजरचूक? नजरेला तं कोळसा बरोब्बर दिसला व्हता तुमच्या. पुरतं खनलं नाय असं लिवा ना." माणूस वाईट नव्हता, पण सोडणारा नव्हता. मी नजरचूक खोडलं. 'मी आजूबाजूस खणून खात्री केली नाही. झिपरूची आई भागी हिने सांगण्याचा प्रयत्न केला असता मी तिला बोलू दिले नाही.' हे दुसरं वाक्य त्यांनी मागितलं नव्हतं. लिहून झाल्यावर मला रडू येईल की काय अशी भीती वाटली. राऊत म्हणाले, "शहाळं घ्या." मी नको म्हटलं, आणि मग घेतलं.

कचेरीत साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. म्हणाले, "खंडेराव, हे कशाला लिहून बसलात? पाऊस झाल्यावर फेरमोजणीचा अर्ज यायचा, आपण बघितलं असतं." मी म्हटलं, "पावसाआधीच पाहिजे, साहेब." त्यांनी खांदे उडवले. दोघांच्या संमतीनं दुरुस्तीचा हुकूम निघाला, माझ्या सर्व्हिस बुकात लाल शाईत नोंद झाली, आणि वरची जागा जी मला दिवाळीनंतर मिळायची होती ती मिळणार नाही हे कुणी बोललं नाही पण सगळ्यांना कळलं. दुपारच्या चहाला माझ्या टेबलाशी कुणी थांबेना. त्याच आठवड्यात मी आनंदाला कार्ड टाकलं. चार वेळा लिहून चार वेळा फाडलं. शेवटी एवढंच राहिलं, की तुझं बरोबर होतं, बाजूला खणून बघायला हवं होतं, तू खण, काय लागेल ते कळव, मी सही करून देईन. पोस्टमन मे महिन्याच्या मध्यापर्यंत रोज खोलीवरून गेला. रंभाबाईंना त्यांच्या बहिणीची दोन पत्रं आली. मला काही आलं नाही.

दगड हलवला तो मेच्या अठरा तारखेला. राऊत आले होते, दोन पंच, सुका, झिपरू, भागी. नवा पंचनामा मी वाचून दाखवला, एकेक ओळ, आणि दर ओळीनंतर थांबून विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?" कुणाला नव्हतं. भागीला विशेष करून विचारलं. ती म्हणाली, "आता कशाला बोलू? आता तं बरोबर हाय." झिपरूनं अंगठा दिला, राऊतांनी सही केली. ऐनापाशी दगड उभा केला, ठोकून बसवला, हलवून बघितला. राऊतांच्या माणसांनी बघता बघता कुंपण मागे घेतलं. मग सुका मला म्हणाला, "साहेब, गाडी साडेतीनची हाय." मी त्याला म्हटलं तू हो पुढं. पंच गेले, राऊत गेले. उरलेल्या अर्ध्या राबावर झिपरू आणि भागी फांद्यांचे भारे ओढून आणत होते, रचत होते. त्यांना आज माझ्याकडे बघायला सवड नव्हती आणि कारणही नव्हतं. मी चुकीच्या जागेचा खड्डा बुजवायला घेतला. ते काही माझं काम नव्हे, पण दुसऱ्या कुणाचं म्हणणार? निघालेली माती सगळी लोटली, पायानं दाबली. तरी खड्डा वीतभर रिकामाच राहिला. दगड काढला की माती कमी पडतेच; दगडानं अडवलेली जागा कशानं तरी भरावी लागते. मी पाटी घेतली आणि झिपरूला हाक मारली.

"झिपरू, माती कमी पडतेय. कुठली घेऊ?"

त्यानं फांदी खाली ठेवली. खड्ड्याच्या या अंगाला पाहिलं, त्या अंगाला पाहिलं. मग त्याला हसू आलं. मला बघून नव्हे, आपलं आपणच.

"घ्या कुठलीबी," तो म्हणाला. "आता दोनी अंगाला आमचीच हाय."

आणि तो परत फांद्या ओढायला लागला. मी पाटी हातात धरून उभा राहिलो, आणि डोळ्यांपुढे आमचा गुऱ्हाळाचा बांध आला. कुठल्या अंगाला वळावं, ते काही केल्या ठरेना.